नटाखालचा रंग

किसन सटवाजी वाव्हळे, तुमचे हे पूर्ण नाव मी आजवर फक्त हजेरीपटावर लिहिले आहे. घरी तुम्हाला मामा म्हणत होतो. शेडमध्ये वाव्हळे म्हणत होतो, कारण पदाने मी तुमचा वरिष्ठ होतो आणि नाते फाटकाच्या बाहेर ठेवावे असे तुम्हीच मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बजावले होते. आज पूर्ण नावाने सुरुवात करतो आहे, कारण जे सांगायचे आहे ते जावई म्हणून सांगावे की निवृत्त तांत्रिक सहायक म्हणून, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. सकाळचे सात वाजले आहेत. अकरा वाजता मला कार्यालयात एक लेखी निवेदन द्यायचे आहे. चार दिवसांपूर्वी गोदावरीला पूर असताना बचावाच्या बोटीचे मशीन दीड तास का सुरू झाले नाही, याचे कारण त्यात लिहायचे आहे. मशीन तेच आहे, बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचे, ज्याला तुम्ही ‘म्हातारं’ म्हणत होता. कागदोपत्री ते ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, आहे. मी जे कारण लिहीन त्यावर बोट चालवणाऱ्या माणसाचे काम राहणार की जाणार हे ठरणार आहे. आतापर्यंत तीन मसुदे केले आणि तिन्ही फाडले. हात थरथरतो, त्यामुळे अक्षर बिघडते, आणि अक्षर बिघडले की वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस काही लपवतो आहे.

त्याआधी एक गोष्ट कळवणे भाग आहे. तुमची मुलगी आता नाही. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर नवव्या दिवशी, नांदेडच्या रुग्णालयात, दुपारी ती गेली. यकृताचा आजार होता आणि तो कळला तेव्हा उशीर झालेला होता. वालूरच्या तुमच्या भावकीला आणि सेलूच्या तिच्या बहिणीला मी त्याच दिवशी फोन केले. प्रत्येकाला तीच वाक्ये, त्याच क्रमाने सांगितली. तुम्हाला सांगायचे राहून गेले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षे झाली आहेत, तेव्हा ‘राहून गेले’ हा शब्द तर्काला धरून नाही, हे मला समजते. तरीही अकरा महिने मला तसेच वाटत आले आहे. घरात आता मी एकटा असतो. बाहेर पडण्यापूर्वी गॅसचे बटण तीनदा पाहतो, आणि रस्त्यापर्यंत जाऊन पुन्हा परत येतो. शेजारच्या बाईंनी एकदा विचारले, काही विसरलात का? मी हो म्हणालो. 

धरणावरचा माझा पहिला आठवडा तुम्हाला आठवत असेल, असे मी धरून चालतो. परभणीच्या महाविद्यालयातून पदार्थविज्ञान घेऊन मी पदवीधर झालेलो होतो. कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला दोन पेने. एके सकाळी तिथल्या लाँचचे, म्हणजे पाहणीच्या बोटीचे, हेच मशीन सुरू झाले नाही. चावी फिरवली की टक् असा एक आवाज, आणि पुढे काही नाही. मी रजिस्टर उघडले आणि सुवाच्य अक्षरात नोंद केली की बॅटरी निकामी झाली आहे, नवीन मागवावी. तुम्ही काठावर बसून भाकरी खात होता. हात धुऊन आलात, पुसलेत, नोंद वाचलीत आणि इतक्या हळू बोललात की दोन पावलांवरच्या चौकीदारालाही ते ऐकू गेले नसेल. म्हणालात, “साहेब, तुमी बॅटरीला हात तरी लावला का?” मी नाही म्हणालो. “ही बॅटरी मी काल भरून आनली. तुमी निकामी लिवलं. म्हंजे मी भरलीच न्हाई आसं झालं की. उद्या कुनी इचारलं तर तुमचं अक्षर चांगलं हाय म्हनून तुमचंच खरं धरतील.” त्या दिवसापर्यंत मला कोणी रागावले नव्हते असे नाही, पण माझे अक्षर चांगले आहे हा माझा दोष म्हणून कोणी दाखवला नव्हता.

मग तुम्ही मला मशीनपाशी बसवलेत. आधी गिअर मधोमध आहे का ते पाहिलेत, कारण गिअर लागलेला असेल तर स्टार्टर फिरतच नाही. लाल दोरीची क्लिप, जी निघाली तर मशीन सुरूच होत नाही, ती जागेवर आहे का ते पाहिलेत. मग खिशातून एक बल्ब काढलात, मोटारगाडीच्या दिव्यातला, दोन वायरींना दोन चिमटे जोडलेला. तो बॅटरीच्या दोन टोकांना लावलात आणि मला चावी फिरवायला सांगितलीत. चावी फिरवताना बल्ब विझत आला तर बॅटरी खोटी. बल्ब तसाच पेटून राहिला तर बॅटरी खरी आहे आणि वाट कुठेतरी अडली आहे. बल्ब पेटून राहिला. ती वाट कुठे अडली आहे हे शोधायला तुम्ही काहीच अवजार घेतले नाहीत. मला पाचसहा वेळा चावी फिरवायला लावलीत आणि मग वायरीच्या प्रत्येक सांध्यावर, एकामागून एक, बोटे टेकवलीत. आजारी लेकराच्या कपाळावर टेकवतात तशी. जिथे ऊब लागेल तिथे दुखणे, असे म्हणालात. जिथून वीज सहज जाते तो सांधा गार राहतो, जिथे ती अडखळते तो तापतो, हे मी तीन वर्षे पुस्तकात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. हात मात्र कधी लावला नव्हता. तुम्ही माझा हात धरून त्या तापलेल्या सांध्यावर ठेवलात तेव्हा मला विजेची नव्हे, रजिस्टरातल्या त्या ओळीची भीती वाटली.

त्याच दिवशी दुपारी मी तुमच्या क्वार्टरमध्ये पहिल्यांदा आलो. स्वयंपाकघरात परातीत रॉकेल घेऊन तुम्ही कार्बोरेटर धूत होता आणि मामी शेजारी बसून ज्वारीचे पीठ मळत होत्या. पिठात रॉकेलचा थेंब उडाला तर आज रात्री लाँचमध्येच झोपा, असे त्या तुम्हाला न पाहताच सांगत होत्या. तुमची मुलगी खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसलेली होती. ती वर न पाहता म्हणाली, “सकाळी म्हाताऱ्यानं नवव्या चावीला घेतलं. नवीन साहेब आले म्हनून रुसलं व्हय?” नंतर चार वर्षांनी, आमच्या लग्नाच्या पहिल्या महिन्यात, मी तिला विचारले की तिने खरोखर मोजले होते का. ती म्हणाली की त्या घरात चाव्या मोजण्याशिवाय दुसरी करमणूकच नव्हती.

लग्नात तुम्ही मला तो बल्ब दिलात. वायर नवी घातली होती, चिमटे घासून चकचकीत केले होते, आणि एका जुन्या धोतराच्या तुकड्यात तो गुंडाळलेला होता. माझ्या मोठ्या भावाला ती भेट पाहून हसू आवरले नाही. तुम्हीही हसलात, आणि पाव्हण्यांच्या घरी अंधार पडायला नको म्हणून देतो असे त्याला सांगितलेत.

आता दसऱ्याविषयी लिहिले पाहिजे, कारण जे घडले त्याचे मूळ तिथेच आहे. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रे धुवायची, रंगवायची, त्यांना हार घालायचे आणि साहेबांच्या हस्ते नारळ फोडायचा, ही रीत तुमच्या आधीपासूनची आहे. तुम्ही त्या दिवशी कधीच शेडमध्ये नसायचा. पांढरे कपडे घालून, पिशवीत दशमी बांधून तुम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जाण्यासाठी निघालेले असायचा. रंगवणारे मशीनची निगेटिव्ह वायर सोडत, तिच्या नटाखालची जागासुद्धा ब्रशने सारखी करत आणि रंग वाळला की वायर पुन्हा आवळून टाकत. वरून सगळे सुरेख दिसे. पण ती वायर मशीनच्या अंगाला उघड्या धातूवर टेकलेली असली पाहिजे, आणि मध्ये बसे रंगाचा पापुद्रा. लगेच काही बिघडत नाही. नटाच्या आट्यांमधून थोडी वाट मिळते आणि मशीन दुसऱ्या-तिसऱ्या चावीला घेते. पुढे दमट हवा लागते, गंज धरतो, आणि एखाद्या दिवशी फक्त टक् असा आवाज येतो. म्हणून नागपूरहून आलात की घरी न जाता, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून, तुम्ही शेडमध्ये येत होता, नट सोडत होता आणि पॉलिश पेपरने ती रुपयाएवढी जागा घासून उघडी करत होता. रंगवू नका असे तुम्ही कोणाला सांगितले नाही. मी एकदा कारण विचारले, तेव्हा म्हणालात, “त्यायला रंगवू द्या. वर्सातून एकदा मशीनला हात लावत्यात, तेवढाच जीव लागतो.” तुमच्यानंतर लाँच मोडीत निघाली, मशीन पूर्णेच्या बोटशेडमध्ये आले, त्यामागोमाग माझी बदली झाली, आणि दसऱ्यानंतर ते घासण्याचे काम दरवर्षी मी करत आलो. गेल्या वर्षीपर्यंत.

चार दिवसांपूर्वी सकाळी साडेसातला फोन वाजला. जूनअखेर मी निवृत्त झालो आहे. फोन वाजला की मी अजूनही आधी नंबर पाहतो, कारण गेल्या वर्षीचे सगळे फोन नांदेडहून येत होते. हा फोन बोट चालवणाऱ्याचा होता. तो भोयाचा आहे, चाळिशीचा, तीन मुलांचा बाप, अकरा महिन्यांच्या करारावर सात वर्षे काम करतो आहे. नदीवर त्याचा हात तुमच्यासारखाच हलका चालतो. तो म्हणाला, “साहेब, टक् करायलंय अन् गप बसायलंय. गिअर बघितला, क्लिप बघितली. गाडी पाठवलीय, तुमी या.” ताडकळसच्या पुढे, गोदाकाठच्या एका गावाबाहेर, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे पत्र्याच्या शेतघरात, एक म्हातारे जोडपे अडकले होते. रात्रीतून पाणी शिरले होते आणि दोघे आखाड्याच्या पत्र्यावर चढून बसले होते. दुसरी बोट पालमकडे गेलेली होती. हाताने दोरी ओढून मशीन सुरू करण्याची सोय तुमच्याच काळात तुटली होती, हे तुम्हाला माहीत आहे.

गाडीत मी काय विचार करत होतो ते लिहिणे कठीण आहे. मी तो बल्ब घेतला होता आणि मांडीवर धरून बसलो होतो. ताडकळसला बाजारचौकात म्हशी आडव्या आल्या तेव्हा ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, आणि मी त्याला उगाचच रागावलो. काठावर पोहोचलो तेव्हा पाणी वडाच्या पाराला लागले होते. समोर, अर्ध्या फर्लांगावर, पत्र्यावर दोन माणसे दिसत होती. त्यांतले एक छत्री धरून होते. काठावर शंभरेक लोक असतील. एकाने मला पाहून म्हटले, “आले बघा डाक्टर. साहेब, दसरा लांब हाय म्हनून रुसलं का मशीन? नारळ फोडावं लागंल.” लोक हसले. मला मात्र त्या वाक्यासरशी कळले की दुखणे कुठे आहे. इतक्या लवकर कळणे हे ज्ञान नव्हते. ती आठवण होती.

तरीही मी क्रमाने गेलो, कारण तुम्ही तसे शिकवले आहे, आणि खरे सांगायचे तर माझे अनुमान चुकीचे निघावे अशी माझी इच्छा होती. तिथे हजर असलेले अधिकारी म्हणत होते की बॅटरी उतरली आहे, गाडीतली काढून लावा. गाडीची बॅटरी काढून बसवायला अर्धा तास गेला असता. मी दोन मिनिटे मागितली. बल्ब लावला. बोटवाल्याने चावी फिरवली. टक्. बल्ब जराही मंद झाला नाही. बॅटरी पूर्ण भरलेली होती. मी त्याला सहा वेळा चावी फिरवायला लावली आणि मग सांध्यावर सांधा बोटे टेकवत गेलो. बॅटरीचे एक टोक, गार. दुसरे टोक, गार. स्टार्टरकडे जाणारी जाड वायर, गार. मशीनच्या अंगाला जिथे निगेटिव्ह वायर आवळलेली आहे तिथे हात ठेवला आणि चटका बसला. बोटवाला माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी पान्हा मागितला, नट सोडला, वायर बाजूला केली. खाली करडा रंग होता, सगळीकडे सारखा, सुबक, कडेला हिरवट गंज धरलेला. बोटवाल्याने खिशातून विळ्याचे तुटके पाते काढले आणि माझ्या हातात दिले. मी घासले. पाते दोनदा घसरले, तेव्हा त्याने माझे मनगट धरून ठेवले. धातू दिसला, वायर आवळली, आणि पहिल्या चावीला मशीनने घेतले.

मी बोटीत गेलो नाही. मला पोहता येत नाही हे तुम्ही जाणता. काठावर उभा राहून मी बोट जाताना पाहत होतो आणि मशीनचा आवाज ऐकत होतो. आवाज कधी बंद पडेल याचीच मी वाट पाहत होतो, असे म्हटले तर ते अधिक बरोबर होईल. प्रवाहात बोट तिरपी झाली, एका बाभळीला घासली, सरळ झाली. पुढचे बोटवाल्याने परतल्यावर सांगितले. पत्र्याला लागल्याबरोबर म्हातारा म्हणाला, “या, या. च्या ठिवला आस्ता, पर चूल बुडाली.” आणि म्हातारी त्याच्यावर खेकसली की तासाभरापासून हे एकच वाक्य पाठ करायलाय, कुनाला सांगू कुनाला न्हाई झालंय. दोघे सुखरूप आले. शेळीही आली. म्हाताऱ्याने काठावर पाय ठेवला तेव्हा पत्र्याची एक बाजू पाण्याखाली गेलेली मी पाहिली. आणखी अर्धा तास, एवढाच माझा अंदाज आहे. तो अर्धा तास मी या चार दिवसांत अनेकदा मोजला.

दोन दिवसांनी तक्रार झाली. म्हाताऱ्याच्या जावयाने अर्ज दिला की बोट येऊनही दीड तास उभी होती. अर्ज रास्त आहे. मीही दिला असता. कार्यालयाने टिपण तयार केले. त्यात लिहिले आहे की चालकाने बॅटरीच्या देखभालीत हयगय केल्याचे दिसून येते, सबब त्याच्या कराराचे नूतनीकरण करू नये. बॅटरी भरलेली होती हे तो आणि मी सोडून कोणाला माहीत नाही. बल्ब पाहणारे पुष्कळ होते, पण तो काय सांगतो हे मला एकट्यालाच कळत होते. म्हणून मोठ्या साहेबांनी माझे तांत्रिक निवेदन मागवले आहे. फोनवर ते म्हणाले की दोन ओळी पुरे, तुमच्या शब्दाला इथे मान आहे.

काल संध्याकाळी बोटवाला घरी आला होता. आत या म्हटले तरी उंबऱ्याशीच बसला. मी चहा केला. साखर घालायला विसरलो आणि त्याने तो तसाच प्यायला. बराच वेळ त्याने पाण्याविषयी, मासळीविषयी, थोरल्या मुलीच्या बारावीविषयी सांगितले. मग म्हणाला, “साहेब, बॅटरी मी रोज चार्ज केली. येवढं लिवा.” मी म्हणालो, लिहीन. “रंगाचं ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिले. तो पेल्यात पाहत होता. “रंगाचं कशाला काढता. त्या टायमाला तुमच्यावर काय बेतलं व्हतं ते मला ठाव न्हाई का? वायर ढिली झाली म्हना. वायर कुनाचीबी ढिली व्हती.”

म्हणजे त्याला आठवते. मला वाटत होते की ते फक्त मलाच आठवते.

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी नांदेडहून सकाळच्या गाडीने पूर्णेला आलो होतो, कारण साहेब यायचे होते आणि शेडची जबाबदारी माझी होती. बोटवाला मशीन रंगवत होता. त्याने निगेटिव्ह वायर सोडलेली होती आणि ब्रश हातात धरून त्याने मला विचारले, “नटाखाली बी देऊ का, का सोडू?” तो सहा वर्षे मला घासताना पाहत आला होता, म्हणूनच त्याने विचारले. त्याच वेळी माझा फोन वाजत होता. रुग्णालयाचा नंबर होता. मी म्हणालो, “सगळीकडे सारखा द्या, एकही जागा सोडू नका,” आणि फोन घेऊन बाहेर गेलो. तेवढेच. नंतर ते घासायला मी गेलो नाही. तेरावा दिवस आम्ही पाळत नाही. विहारात वंदना झाली, लोक पांगले आणि मी कामावर रुजू झालो, पण त्या मशीनपाशी गेलो नाही. जूनमध्ये पावसाळापूर्व तपासणी झाली. मशीनने तिसऱ्या चावीला घेतले. तिसऱ्या चावीचा अर्थ मला तुमच्या घरात शिकवला गेला होता. तरीही मी प्रमाणपत्रावर लिहिले की सर्व विद्युत जोडण्या तपासल्या, योग्य आढळल्या. खाली सही केली. अक्षर चांगले आले होते.

इथपर्यंत सकाळी लिहिले. आता दुपारचे तीन वाजले आहेत.

चौथा मसुदा मी घरी केलाच नाही. कार्यालयाच्या व्हरांड्यात, बाकावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिला. बॅटरी पूर्ण भरलेली होती, हे पहिले वाक्य. निगेटिव्ह वायरच्या नटाखाली रंग होता, तो माझ्या तोंडी आदेशावरून देण्यात आला, चालकाने त्याबाबत आधी विचारणा केली होती, हे दुसरे. जूनमधील प्रमाणपत्र जोडणी न उघडता मी दिले, हे तिसरे. अक्षर वाईट आले आणि मी तसेच राहू दिले. बोटवाला फाटकापाशी उभा होता. मला कागद घेऊन आत जाताना पाहून त्याने मान हलवली, नको म्हणून. मी पुढे गेलो.

मोठे साहेब वयाने माझ्या पुतण्याएवढे आहेत, भले गृहस्थ आहेत. त्यांनी निवेदन दोनदा वाचले आणि चष्मा काढला. म्हणाले की याची मला आवश्यकता नव्हती, आणि आता हे वरपर्यंत जाईल, तुमच्याकडून खुलासा मागवला जाईल. मी म्हणालो, जाऊ द्या. त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, “त्या दिवसांत तुमच्या घरी आजारपण होतं ना? तेही लिहा यात. कारण म्हणून ते पुरेसं आहे, कोणी पुढे विचारणार नाही.” मी पेन उघडलेसुद्धा. मग म्हणालो, “ते कारण नाही, साहेब.” माझा आवाज मला अपेक्षित होता त्यापेक्षा मोठा निघाला आणि बाहेरचा शिपाई आत डोकावला. साहेबांनी टिपण पुढे ओढले, चालकाच्या हयगयीचे वाक्य एका रेघेने खोडले, बाजूला सही केली, आणि नूतनीकरणाचा कागद सहीसाठी मागवला. तो कागद आला आणि त्यावर सही झाली, हे मी उभे राहून पाहिले. खाली आलो तेव्हा बोटवाला अजून फाटकापाशीच होता. तो मला रागे भरेल असे वाटले होते. तो म्हणाला, “आता जेवून जा घरला. सकाळपासून कायबी खाल्लं नसंल तुमी.” त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी मी खाल्ली. ज्वारीची होती.

काळजी गेलेली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. खुलासा मागवतील, मग चौकशी होईल, कोणीतरी तिचे नाव घेईल. गॅसचे बटण मी आजही तीनदा पाहीन. पण तुम्हाला लिहायला बसलो ते यासाठी नव्हे. जे निवेदनात लिहिण्याचा प्रश्नच नव्हता आणि जे तुमच्याखेरीज कोणाला सांगता येणार नाही, ते एकच वाक्य आहे, आणि मी दिवसभर त्याच्याभोवती फिरतो आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर होती. तिने मला जवळ बोलावले. मला वाटले की पाणी हवे आहे. ती म्हणाली, “घासलं का वो, म्हाताऱ्याचं?” मी म्हणालो, हो, घासले. ती म्हणाली, “मंग पाऊस येऊ दे.” आणि डोळे मिटले. त्यानंतर ती आठ दिवस होती, पण आमच्यात पुरते बोलणे झाले ते तेवढेच. इतकी वर्षे मी तिच्याशी खोटे बोललो नव्हतो. बोललो ते एवढे एकदाच, आणि ते तिने खरे मानले.

हे पत्र कुठे टाकायचे नाही, तेव्हा पत्ता लिहीत नाही. कार्यालयातून परत येताना मी बोटवाल्याला सोबत घेऊन पूर्णेच्या शेडवर थांबलो होतो. नट पुन्हा सोडून जागा नीट घासली, तीन नंबरच्या पॉलिश पेपरने, आणि बोटवाल्याला तिथे हात लावून पाहायला लावले. शेडचा दरवाजा त्याच्यासमक्ष कुलूपबंद केला. माझ्याकडे राहिलेल्या दोन्ही किल्ल्या त्याच्या हाती परत दिल्या.